उलट्या वेढ्याचं खेचर

मी एक खोटा किडा बोलतोय. खोटा म्हणजे जन्मापासून खोटा. मला पोट आहे पण भूक नाही, पाय आहेत पण ते रबराचे, आणि शेपटीच्या जागी फेझंट पक्ष्याच्या पिसाचे तपकिरी केस. या सगळ्याच्या आतून आरपार जातो एक पोलादी गळ. एवढं सोंग कशासाठी, तर थंड पाण्यातल्या एखाद्या माशानं मला दगडाखालची अळी समजावं आणि तोंडात घ्यावं म्हणून. फसवणूक हाच माझा धंदा. तेव्हा माझ्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

क्लासका नदीवर माझ्या जातीला 'खेचर' म्हणतात. ट्राउट पकडायला लोक बारीक, मातकट, खऱ्या अळीसारखे दिसणारे गळ बांधतात. स्टीलहेड म्हणजे जात ट्राउटचीच, पण समुद्रावर जाऊन दांडगी होऊन हिवाळ्यात नदीत परत येणारी. तिच्यासाठी जाड गळ आणि भडक रंग लागतो. आर्वो सालमेलानं तरुणपणी या दोन्हींचं लग्न लावून दिलं. जाड गळ, पुढं जड मणी, मोराच्या पिसाच्या केसांचं हिरवट काळं पोट, त्यावर तांब्याच्या तारेचे तिरके वेढे, आणि मानेशी माशाच्या अंड्याच्या रंगाचा नारिंगी पट्टा. पहिला नमुना बघून त्याचा मित्र डेल्बर्ट खो खो हसला होता म्हणे. "ना घोडा ना गाढव! खेचर आहे लेका हे!" आणि मग त्याच हिवाळ्यात त्यानं आर्वोच्या डबीतली खेचरं हळूच खिशात घातली. डेल्बर्ट गेंट हा असा माणूस आहे. नावं ठेवेल आणि घेऊनही जाईल.

आर्वो लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. हाताचा पक्का, शब्दाचा त्याहून पक्का. आमच्या नदीवर एक रीत आहे. रानटी स्टीलहेड घरी न्यायची नाही. जाळ्यात नाही, दगडावर नाही, पाण्यातल्या पाण्यातच सोडून द्यायची. समुद्रातून अंडी घालायला ती पुन्हा आपल्या जन्माच्या पाण्यात येते, आणि अशा आता फार थोड्या उरल्यात. म्हणून गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, माशाच्या जबड्यात रुतून बसणारा, तो पकडीनं दाबून सपाट करायचा. कायदाही तसाच आहे, पण गावानं तो पाळला आर्वोमुळे. कुणाचाही गळ तो आपल्या लोकरी बाहीवरून ओढून बघायचा. धागा अडकला की तोंडावर सांगायचा, "घरी जा, बाबा. आधी काटा दाब, मग नदीत पाय ठेव." आणि स्वतः काय करायचा, तर गळ व्हाइसमध्ये, म्हणजे त्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात, लावला की दोरा गुंडाळायच्या आधी काटा दाबायचा. नंतर दाबू म्हणणारा विसरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

माझा जन्म झाला तेव्हा त्याच आर्वोचे हात कापत होते.

नोव्हेंबरातली सकाळ होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्याचं टेबल, टेबलाला तो छोटा व्हाइस. माझा गळ त्यात लावायलाच त्याला किती वेळ लागला. मग त्यानं पकड उचलली, काट्यावर धरली आणि दाबली. पकड घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. त्यानं इकडंतिकडं बघितलं. बायको चुलीपाशी पाठमोरी होती. त्यानं पकड खाली ठेवली, आवाज न करता, आणि सरळ दोरा घेतला. नंतर दाबू, असं त्याच्या मनात आलं असणार.

शेपूट बरी बसली. पोटाचा मागचा भाग झाला. मग हाताला असा झटका बसला की दोरा तटकन तुटला आणि सगळं उलगडलं. "पेर्केले!" आर्वो ओरडला. सालमेलांच्या घरात ही शिवी फिनलंडहून आलेल्या आजोबांपासून चालत आलीय आणि ती फक्त मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेली असते. मला उपसून त्यानं कॉफीच्या रिकाम्या डब्यात फेकलं. तिथं माझ्यासारखेच अर्धवट जन्मलेले बरेच होते. कुणाला डोकं नव्हतं, कुणाचं पोट सुटलेलं. मी आयुष्याचे पहिले काही तास त्या लुळ्यापांगळ्यांत काढले आणि मला फार वाईट वाटत होतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

दुपारी आर्वो जेवून आडवा झाला आणि सिल्वीनं डबा टेबलावर उपडा केला.

सिल्वी म्हणजे त्याची बायको. तिची अख्खी हयात मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात गेली. तिला माशांचं कौतुक नाही, नदीचं तर नाहीच. "आयुष्यभर मासे डब्यात भरले, आता त्यांच्यासाठी दागिनेही मीच घडवू?" असं ती पूर्वी म्हणायची. पण आदल्या वर्षी डॉक्टरांनी हाताच्या थरथरीचं नाव सांगितलं, तेव्हा आर्वोनं टेबल आवरून ठेवलं होतं आणि भिंतीकडं तोंड करून निजून राहिला होता. दाढी नाही, नदी नाही, शनिवारी सॉनाची, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवली तरी उठायचं नाव नाही. हाताची भीती तिला नव्हती. त्या भिंतीची होती. मग तिनं एक युक्ती केली. त्याला गोड बोलून पुन्हा टेबलाशी बसवलं, आणि तो फेकेल ते मोडके गळ ती दुपारी गुपचूप पुरे करू लागली आणि त्याच्या डबीत चांगल्यांमध्ये मिसळू लागली. आर्वो डबी उघडायचा आणि त्याला वाटायचं, अरे, आपले बरेच साधलेत की! तेवढ्यावर तो नदीवर जायचा. गडी पुन्हा माणसात आला.

मलाही तिनंच पुरं केलं. सिल्वी डावखुरी आहे. ती व्हाइस उलट्या बाजूला फिरवून बसते, त्यामुळे तिचा दोरा आर्वोच्या दोऱ्याच्या उलट दिशेनं फिरतो. माझी शेपूट आणि पोटाचा मागचा भाग त्याच्या हातचा, पुढचं सगळं तिच्या हातचं. तांब्याची तारही तिनंच गुंडाळली, आणि तिचे वेढे उलटीकडं झुकले. तिला हे कळलंच नाही. तिच्या लेखी तार म्हणजे तार.

आणि काटा? तो बघायचा प्रश्नच तिला कधी पडला नव्हता. तिच्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येक गळाचा काटा आर्वोनं आधीच दाबलेला असायचा. तिला वाटलं, त्यानं दाबला असेल. पुढं डबी उघडल्यावर त्याला वाटलं, पुरा झालेला गळ म्हणजे काटा दाबलेला असणारच. दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला आणि मधल्या मधे मी तसाच राहिलो, धारदार. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

जानेवारीत आर्वोनं मला तंगुसाला बांधलं. म्हणजे बांधलं डेल्बर्टनं. आर्वो म्हणाला, "चष्मा घरी राहिला रे." डेल्बर्टनं चष्मा त्याच्या छातीच्या खिशात बघितला आणि गाठ मारून दिली.

नदी हिमनदीच्या पाण्यासारखी हिरवी होती. आर्वो मांडीएवढ्या पाण्यात उभा राहिला, काठी फिरवली आणि मी दगडांवरून घरंगळत निघालो. त्या वेळी मी खूश होतो, का खोटं बोलू? ज्यासाठी जन्म घेतला तेच करत होतो. प्रवाह मला ढकलत होता, रबरी पाय हलत होते, आणि एका मोठ्या खडकामागून तिनं येऊन मला घेतलं.

ती मादी होती. चांदीसारखी, नुकतीच समुद्रातून आलेली, पोट अंड्यांनी भरलेलं. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत. हॅचरीत, म्हणजे माणसांनी टाक्यांत वाढवलेल्या, पिल्लांचा तो कापलेला असतो, म्हणजे ही रानटीच. तिनं अशी धाव घेतली की रीळ किंचाळली. आर्वो पोरासारखा ओरडला, "डेल्बर्ट! अरे ये, ये लवकर! बघ काय आहे!"

"दोरी सैल सोड, म्हाताऱ्या! सोड!"

"मला शिकवतोस होय? तुला दोरी धरायला कुणी शिकवलं?"

बऱ्याच वेळानं ती दमली आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात आडवी झाली. आर्वो गुडघ्यावर बसला. हे त्यानं शेकडो वेळा केलेलं असणार. बोटांनी गळ धरायचा, जरासा मागं वळवायचा, की गळ आपोआप सुटतो आणि मासा निघून जातो. थरथरत्या हातालाही ते जमतं. म्हणूनच तर तो अजून नदीवर येत होता. त्यानं मला धरलं, वळवलं.

मी सुटलो नाही.

"ओढ की," डेल्बर्ट म्हणाला.

"ओढतोय. निघत नाहीये."

"नीट धर."

"धरलंय रे बाबा, धरलंय! हात—" त्याचा हात इतका कापत होता की मी तिच्या जबड्यात आणखीच फिरत होतो. माझा उलटा काटा आतल्या मांसात रुतला होता. मी सोडायला तयार होतो, मनापासून तयार होतो, पण गळाला मन असून उपयोग काय? तिच्या कल्ल्यांतून रक्त यायला लागलं आणि हिरव्या पाण्यात त्याचा धूर होत गेला.

शेवटी डेल्बर्टनं लांब नाकाची पकड घेतली आणि मला उपसून काढलं. मांसाचा एक तुकडा माझ्याबरोबर आला. मग त्यानं तिला शेपटीशी धरून तोंड प्रवाहाकडं करून बराच वेळ उभं ठेवलं, पाणी तिच्या कल्ल्यांतून जावं म्हणून. ती एकदा उलटी झाली, पोट वर. पुन्हा सरळ झाली. मग हळूहळू खोल पाण्याकडं गेली, पोहत गेली म्हणावं की वाहत गेली म्हणावं, मला सांगता येणार नाही.

"जगेल ती," डेल्बर्ट म्हणाला.

डेल्बर्टनं मला आपल्या बाहीवरून ओढलं. लोकर अडकली आणि धागा लांब आला. तो माझ्याकडं बघत राहिला. "आर्वो," तो अगदी हळू म्हणाला, "याचा काटा दाबलेला नाही."

आर्वोनं मला हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं. तांब्याचे वेढे उलटीकडं झुकलेले त्याला दिसले. मागचं पोट एका दिशेनं, पुढचं दुसऱ्या. ज्यानं आयुष्यभर करवतीच्या दातांचे कोन बघितले, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मला पुन्हा कधी बघायचं नाहीये.

"कुणी बांधला हा?" डेल्बर्टनं विचारलं.

"मी."

"तू? अख्ख्या गावाचे गळ बाहीवरून ओढून बघितलेस तू, आणि तू—"

"मी बांधला म्हणतोय ना! मी विसरलो. झालं समाधान?"

बायकोचं नाव त्यानं येऊ दिलं नाही. डेल्बर्टनं खांदे उडवले, पण गाडीपर्यंत दोघं एकमेकांपासून लांब चालत होते.

घरी आल्यावर आर्वोनं ओले बूटही काढले नाहीत. भिंग घेतलं, डबी टेबलावर ओतली आणि गळ वेगळे करायला बसला. सरळ वेढ्याचे इकडं, उलट्या वेढ्याचे तिकडं. इकडचा ढीग वाढेचना. तिकडचा वाढत गेला. सिल्वी सॉनासाठी लाकडं घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"हे काय चाललंय?"

"या हिवाळ्यात मी काय काय पकडलं ते बघतोय," आर्वो म्हणाला. "काहीच नाही म्हण ना. सगळं तू पकडलंस."

तिनं लाकडं खाली ठेवली. "मी फक्त पुरे करत होते. सुरुवात तुझीच असायची."

"भीक घातलीस मला, सिल्वी."

"भीक? मग काय करू? तुला त्या भिंतीशी निजलेला बघत बसू? ते सोपं वाटलं तुला? तुझ्या पाठीशी बोलायचे मी, आर्वो. दिवस दिवस पाठीशी बोलायचे."

"ती मादी मरणार आहे." त्यानं मला तिच्यासमोर ठेवलं. "काटा राहिला. मी दाबला नाही, तू बघितला नाहीस."

सिल्वीनं मला उचललं आणि बोट माझ्या टोकावरून फिरवलं. तिच्या बोटात मी रुतलो आणि रक्ताचा थेंब आला. "मला हे ठाऊकच नव्हतं रे," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसून रडायला लागली. आर्वो तिच्याकडं गेला नाही. तो इतकंच म्हणाला, "ज्याला गळ सोडवता येत नाही, त्यानं नदीवर जाऊ नये. मी आता जाणार नाही." काठी त्यानं दारावरच्या खुंट्यांवर आडवी ठेवून दिली.

पुढचे दिवस त्या घरात फार वाईट गेले. मी खिडकीच्या कट्ट्यावर पडून सगळं बघत होतो. सिल्वी वेलदोडा घालून वेणीसारखा गुंफलेला पाव भाजायची, तो खायचा नाही. ती विचारायची, पाणी उतरलंय, जायचं का? तो म्हणायचा, तू जा. पुन्हा भिंत सुरू झाली. सिल्वीचा माझ्यावर राग होता असं मला वाटायचं. खिडकी पुसताना ती माझ्या बाजूचा कट्टा पुसायची नाही.

एका सकाळी आर्वो उठला, माझ्यापाशी आला आणि मला व्हाइसमध्ये लावलं. "एवढं एक तरी नीट करतो," तो स्वतःशीच पुटपुटला. पकड घेतली. दोन्ही हातांनी धरली. या वेळी ती घसरली नाही. त्यानं सगळा जोर लावला, आणि हात ऐनवेळी तिरका झाला. टक्क. काट्यासकट माझं टोकच तुटून जमिनीवर उडालं.

मला दुखलं का? माणसं असं विचारतात. दुखलं नाही, पण एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी मी आता कुणाच्या कामाचा नाही हेही कळलं. आर्वोनं पकड टाकून दिली आणि हसला. असं हसणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. "घ्या," तो म्हणाला, "संपलं," आणि मला केराच्या बादलीत टाकून आत जाऊन निजला.

सिल्वीनं मला बादलीतून काढलं तेव्हा डेल्बर्ट कॉफी प्यायला आलेला होता. नदीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आला होता, आणि बूट काढताना जरा अवघडलेला दिसत होता.

"टोकच गेलं की याचं," मला बघून तो म्हणाला. "आता हा नदीच्या वरच्या फाट्यावरच्या त्या येड्यांना देऊन टाक."

"कुठले येडे?"

"आहेत दोघं भाऊ. मुद्दाम टोक कापून गळ टाकतात. मासा येतो, ओढतो, दोन उड्या मारतो आणि थुंकून जातो. बस, एवढंच! म्हणतात आम्हाला तेवढीच ओढ पुरे. मी म्हटलं, लग्नाला जायचं आणि जेवायचं नाही, त्यातली गत."

सिल्वी हसली नाही. तिनं विचारलं, "मासा मरत नाही?"

"मरायला काय झालंय? हात लावायचा प्रश्नच नाही."

"हात लावायचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. मग उठली, दारावरची काठी काढली आणि आतल्या खोलीत जाऊन आर्वोच्या पाठीवर त्याचा कोट टाकला.

"ऊठ."

"सिल्वी, मला त्रास देऊ नकोस."

"देणार. ऊठ. टोक नसलेला गळ आहे. काही सोडवायचं नाही, कुणाला मारायचं नाही. फक्त उभं राहायचं. तेवढं येतं ना अजून?"

"लोक हसतील."

"डेल्बर्ट हसून झालाय. बाकीच्यांचं बघू."

"आणि गाठ कोण मारणार?"

"मी. उलटीच बसेल. बसू दे."

आर्वो भिंतीकडंच बघत म्हणाला, "हे सगळं तू का करतेस गं? तुला नदी कधी आवडली नाही."

"नदी गेली खड्ड्यात," सिल्वी म्हणाली. "मला तू समोरून बघायचाय."

तो उठला.

त्या दिवशी काही आलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. आर्वो पाण्यात उभा, सिल्वी काठावर घडीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी आणि थर्मास, चेहऱ्यावर साफ कंटाळा. थंडीनं तिचं नाक लाल झालेलं असायचं. तरी ती यायची. मी दगडांवरून रिकामा घरंगळत जायचो आणि मला सारखी ती मादी आठवायची. त्या खडकाजवळून गेलो की मी तिला शोधायचो. सापडली नाही. जगली असेल तर अंडी घालून परत समुद्रावर गेली असेल. नाहीतर गेली नसेल. हे मला कळणार नाही आणि ते ओझं उतरणारही नाही.

मग फेब्रुवारीच्या शेवटी एक नर आला. त्यानं मला घेतलं, दोरी ताणली गेली, काठी वाकली, आर्वो ओरडला. नर एकदा पूर्ण पाण्याबाहेर उसळला आणि खाली पडता पडता त्यानं मला तोंडातून टाकून दिलं. एवढ्या सहज मला कुणी सोडलं नव्हतं. मी सैल होऊन तळाशी गेलो. कुणाला काही लागलं नव्हतं.

"होता का?" काठावरून सिल्वीनं विचारलं. खुर्चीतून ती उठून उभी राहिली होती.

"होता!" आर्वो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते पुसत नव्हता. "होता गं, सिल्वी! केवढा होता!"

डेल्बर्ट पलीकडून ओरडला, "काय खाणार मग संध्याकाळी? आठवण?"

"तुझं डोकं शिजवू!" सिल्वीनं ओरडून सांगितलं. मी तिला नदीवर हसताना पहिल्यांदा ऐकलं.

याला आता दोन हिवाळे होऊन गेले. माझ्या मोराच्या पिसाची लव झडलीय, एक रबरी पाय तुटलाय, नारिंगी पट्टा फिक्या विटेसारखा दिसतो. आर्वोची थरथर खांद्यापर्यंत आलीय. तो आता फार लांब दोरी टाकू शकत नाही, पाण्यातही घोट्यापुरताच उतरतो. डेल्बर्ट त्याच्या पट्ट्याला मागून धरून उभा राहतो आणि वर तोंडानं त्याला शिव्याही देतो. मासे कमी झालेत. या हिवाळ्यात मला एकाही माशानं तोंड लावलेलं नाही.

तुम्ही कधी आमच्या क्लासकावर आलात तर माझी एवढीच विनंती आहे. गळ बाहीवरून ओढून बघा. दुसऱ्यानं बघितलं असेल असं समजू नका. मी तसंच समजून बांधला गेलो होतो.

बाकी माझं बरं चाललंय. परवाचंच सांगतो. मी तळाशी रिकामाच होतो. आजूबाजूला मासा तर सोडाच, खरी अळीसुद्धा नव्हती. दोरीतून आर्वोच्या हाताचा थरथराट माझ्यापर्यंत येत होता, नेहमीसारखाच. काठावरून सिल्वीनं विचारलं, "होता का रे?"

आर्वोनं दोरी जराशी ओढून बघितली. मग आर्वोचा आवाज आला, "होता! मोठा होता!"

सिल्वी टाळ्या वाजवायला लागली. त्याला आपल्याच हाताची थरथर माशाची ओढ वाटली, की त्यानं तिच्यासाठी थाप मारली, ते मला कळलं नाही. दोरीच्या टोकाला काय होतं ते फक्त मला ठाऊक आहे, आणि मी काही बोलणार नाही.